कातिबाचे गाणे कुणाचे?

मराठीत 'तुर्क' हा शब्द मोठा प्रवास करून आलेला आहे. संत एकनाथांच्या काळी (१५३३-१५९९) तो सरसकट मुसलमान या अर्थाने वापरला जाई. त्यांच्या 'हिंदू-तुर्क संवाद' या रचनेतला तुर्क काही इस्तंबूलहून पैठणला आलेला नव्हता. तो गोदाकाठचाच होता, एकनाथांच्या शेजारपाजारचा होता. दोघे कडाकडा भांडतात, एकमेकांच्या देवाधर्माची उणीदुणी काढतात आणि अखेरीस समेटावर येतात. पुढे 'तरुण तुर्क म्हातारे अर्क' अशी म्हणही मराठीत रुळली. पण एरवी मराठी मनात तुर्क म्हटले की घोडा, तलवार आणि धूळ एवढेच उभे राहते. गंमत अशी की अलीकडे आपल्या मोहल्ल्यांतही हेच चित्र उलट्या बाजूने येऊन बसले आहे. 'एर्तुग्रुल' ही तुर्की मालिका २०२० नंतर उर्दूत घरोघरी पाहिली गेली. तिच्यातही घोडा, तलवार आणि धूळच आहे. फरक इतकाच की एकाला ज्याची भीती वाटते त्याचा दुसऱ्याला अभिमान वाटतो. खरा तुर्क माणूस, जो बाजारात जातो, नोकरी करतो, पावसात भिजतो आणि प्रेमात पडतो, तो दोन्ही चित्रांत नाही.

तो माणूस एका गाण्यात आहे. त्या गाण्याचे नाव 'कातिबीम'. एका लोकगीताने एका गायिकेची कारकीर्द कशी उभी केली याची जगातली जी मोजकी उदाहरणे आहेत, त्यांत हे गाणे येते. ते आमच्या वाचकांपुढे मांडावे असे आम्हाला वाटले, कारण त्यातून निघणारे प्रश्न थेट आपल्या दारापर्यंत येतात.

प्रथम गाण्याचा मजकूर पाहू. गाणारी स्त्री आहे. आपल्या कातिबाबरोबर ती उस्कुदारकडे निघाली आहे आणि वाटेत पाऊस लागला आहे. कातिबाने लांब कोट घातला आहे, त्याचा घेर चिखलाने माखला आहे. कातिब नुकताच झोपेतून उठला आहे, त्याचे डोळे अजून जड आहेत. तो माझा आहे नि मी त्याची आहे, लोकांना काय त्याचे, असे ती ठणकावते. त्याला कांजी केलेला सदरा किती शोभतो तेही सांगते. वाटेत तिला एक रुमाल सापडतो, त्यात ती मिठाई भरते. कातिबाला शोधू लागते तर तो शेजारीच असतो. संपले गाणे. यात ना विरह आहे, ना आत्मत्याग, ना कुणी मरत. एका कारकुनाच्या कोटाला लागलेला चिखल आणि त्याच्यावर जीव टाकणारी एक बाई, एवढेच.

पण हा कोट साधा नाही. एकोणिसाव्या शतकात उस्मानी सुलतानांनी राज्यकारभार बदलायला घेतला. पागोटे गेले, फेज टोपी आली, सरकारी नोकराच्या अंगावर युरोपीय वळणाचा लांब कोट आला. हे गाणे सामान्यपणे क्रिमियाच्या युद्धाच्या काळाशी (१८५३-१८५६) जोडले जाते. तेव्हा उस्कुदारच्या सेलिमिये बराकीत इंग्रजांचे लष्करी इस्पितळ होते आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने तिथेच जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. एका स्कॉटिश पलटणीच्या कूचगीतावरून ही चाल आली असेही सांगितले जाते. ते काहीही असो, त्या काळच्या इस्तंबूलमध्ये कोटवाला कारकून ही नवी गोष्ट होती. लोक त्याची टिंगल करत असणार, आणि मुली त्याच्याकडे वळून पाहत असणार. गाण्यात टिंगल आणि ओढ या दोन्ही गोष्टी एकाच श्वासात आहेत. कोट मळला म्हणून ती हसते, आणि शोभतो म्हणून भाळते. ज्यांच्या घरात पहिल्यांदा कुणी सरकारी नोकरीला लागले आणि इस्त्रीचा सदरा घालून गल्लीतून निघाले, त्यांना या बाईचे मन वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

उस्कुदार हे इस्तंबूलचेच अंग, पण बॉस्फरसच्या पलीकडचे, आशियाच्या काठावरचे. जुने जालना आणि नवीन जालना यांच्यामध्ये कुंडलिका आहे, म्हणून पाणी ओलांडून जाणे म्हणजे काय हे इथल्या माणसाला ठाऊक आहे. पाणी कितीही अरुंद असो, पलीकडचा काठ नेहमी थोडा मोकळा वाटतो. गाण्यातली बाईसुद्धा तशी मोकळी आहे.

उर्दू जाणणाऱ्या माणसाला या गाण्यात आणखी एक सुख मिळते. 'कातिब' हा आपला शब्द आहे. संगणक येण्यापूर्वी उर्दू वर्तमानपत्रे आणि पुस्तके कातिबांच्या बोरूतून उतरत होती. 'कातिबीम' म्हणजे 'माझा कातिब'. गाण्यातल्या रुमालाला तुर्कीत 'मेंदिल' म्हणतात. अरबी 'मंदील' तोच, आणि मराठीत जरीच्या पागोट्याला आपण मंदील म्हणतो तोही तोच. रुमालात भरलेली मिठाई 'लोकूम', म्हणजे मूळची अरबी 'राहत-उल-हुलकूम', गळ्याला आराम देणारी. उलट तोफ, कैची, बेगम, खातून हे तुर्की शब्द आपण रोज बोलतो. खुद्द 'उर्दू' हे नावही तुर्कीच, त्याचा अर्थ लष्कराची छावणी. उर्दूत तुर्की साहित्य आणणारे सज्जाद हैदर (१८८०-१९४३) यांनी तर 'यल्दरम' हे तुर्की टोपणनावच घेतले होते. १९३१ साली शेवटचे खलिफा अब्दुल मजीद यांची कन्या दुर्रुशहवार ही निजामाची सून झाली. जालना तेव्हा निजामाच्याच राज्यात होते. तेव्हा हे गाणे आपल्यापासून वाटते तितके दूरचे नाही.

आता गायिकेकडे वळू. तुर्कस्तानात हे गाणे अनेकांनी गायिले. साफिये आयला (१९०७-१९९८) या अनाथाश्रमात वाढलेल्या थोर गायिकेच्या आवाजात ते ऐकले तर त्याचे घरचे रूप कळते. चाल निहावेंद मकामातली आहे, म्हणजे ढोबळमानाने आपल्या कीरवाणीच्या वळणाची. त्यामुळे मजकूर हसरा असूनही सुरांत एक हलकी उदासी राहते. पण जगाने हे गाणे ऐकले ते दुसऱ्याच गळ्यातून. तो गळा अर्था किट हिचा.

अर्था किट १९२७ साली अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात, कापसाच्या मळ्यांच्या मुलखात जन्मली. आई कृष्णवर्णीय, बाप गोरा असावा असे म्हणतात, पण त्याने कधी तोंड दाखवले नाही. रंग ना पुरता काळा ना पुरता गोरा, म्हणून पोरीला दोन्हीकडून हेटाळणी मिळाली. आईनेही तिला दुसऱ्याच्या घरी सोडले. पुढे न्यूयॉर्कला नातेवाइकांकडे आली, कॅथरीन डनहॅम यांच्या नृत्यपथकात शिरली, पथकाबरोबर युरोपला गेली आणि तिथेच मागे राहून गाऊ लागली. तुर्कस्तानातही ती गायली आणि हे गाणे तिने तिथेच उचलले. अमेरिकेत परतल्यावर 'न्यू फेसेस ऑफ १९५२' या ब्रॉडवेवरच्या कार्यक्रमात तिचे नाव झाले. १९५३ साली आरसीए व्हिक्टर कंपनीने तिची 'उस्का दारा' ही ध्वनिमुद्रिका काढली. ती विक्रीच्या यादीत चढली आणि गायिका म्हणून तिची कारकीर्द मार्गी लागली. त्याच वर्षी तिचे फ्रेंच गाणे 'से सी बॉं' आणि नाताळचे 'सांता बेबी' ही गाणी त्याहूनही गाजली. पण दार उघडले ते कातिबाने.

काळही अनुकूल होता. तुर्की सैनिक कोरियात अमेरिकेच्या बाजूने लढले होते, १९५२ मध्ये तुर्कस्तान नाटोत दाखल झाला होता. इस्तंबूलच्या नावावरचे एक विनोदी इंग्रजी गाणेही १९५३ मध्येच अमेरिकेत गाजले. तुर्कस्तान तेव्हा अमेरिकेच्या कानाला रुचू लागला होता.

आता मूल्यमापन. 'उस्का दारा' हे चांगले गाणे आहे काय? आमच्या मते ते चांगले सादरीकरण आहे, पण पुरे गाणे नाही. अर्था किटचा आवाज मांजरीसारखा आहे. तो गुरगुरतो, लाडात येतो, मध्येच नख काढतो. तिचे तुर्की उच्चार कानाला बरे वाटतात, आणि शब्द उच्चारण्यात तिला खरा रस आहे हे जाणवते. पण मध्येच ती इंग्रजीत गोष्ट सांगू लागते. कातिबाचा 'सेक्रेटरी' होतो, बाई मालकीण होते, आणि शेवटी तुर्कांच्या चालीरीतीवर एक हसू फेकले जाते. मूळच्या गाण्यात बाई कातिबावर हसते कारण तो तिचा आहे. इथे श्रोता तुर्कावर हसतो कारण तो परका आहे. त्या दोन हसण्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. कोटाचा चिखल आणि सुरांतली उदासी या मधल्या मध्ये कुठेतरी गळून पडते. पुढे १९७८ च्या 'रासपुतिन' या बोनी एम पथकाच्या गाण्यात याच चालीचे साम्य जाणवते. तिथे तर नाचण्याखेरीज काहीच उरले नाही.

तरीही अर्था किटला चोर ठरवून आम्ही मोकळे होणार नाही. १९५३ ची अमेरिका आठवावी. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत हा निकाल तिथे १९५४ साली लागला. त्या देशात एका कृष्णवर्णीय बाईने स्वतःचे दुःख स्वतःच्या बोलीत गायिले असते तर किती जणांनी ऐकले असते? तिने तुर्की, फ्रेंच अशा परक्या भाषांचा पडदा घेतला आणि त्याआडून स्वतःसाठी जागा मिळवली. ती जागा खोटी नव्हती हे पुढे दिसले. जानेवारी १९६८ मध्ये अध्यक्षांच्या पत्नीने व्हाइट हाउसमध्ये बोलावलेल्या भोजनाला ती गेली असता व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध तोंडावर बोलली. त्यानंतर अमेरिकेत तिला काम मिळेनासे झाले आणि कित्येक वर्षे परदेशात गावे लागले. १९७८ साली 'टिंबक्टू' या संगीतिकेतून ती ब्रॉडवेवर परतली. २००८ साली तिचे निधन झाले. परक्या भाषेने जिला आवाज दिला, तिने तो आवाज स्वतःच्या भाषेत खरे बोलण्यासाठी खर्च केला, ही या कारकिर्दीची खरी कमाई होय.

आम्ही वर्गात उर्दूतून शिकवतो आणि हा लेख मराठीत लिहितो. दोन्ही भाषा आमच्या आहेत. पण उर्दू बोललो की मराठीचे काय, आणि मराठी लिहिले की उर्दूचे काय, असा सवाल दोन्हीकडून येतो. म्हणूनच 'गाणे कुणाचे' हा प्रश्न आम्हाला निव्वळ संगीताचा वाटत नाही.

हाच प्रश्न घेऊन बल्गेरियाच्या अडेला पीवा यांनी २००३ साली 'हे गाणे कुणाचे?' या अर्थाच्या नावाचा अनुबोधपट केला. इस्तंबूलच्या एका खाणावळीत वेगवेगळ्या देशांचे मित्र बसलेले असताना हे गाणे लागते आणि प्रत्येक जण म्हणतो, हे तर आमचे. मग त्या तुर्कस्तान, ग्रीस, अल्बेनिया, बोस्निया, मॅसिडोनिया, सर्बिया, बल्गेरिया असा प्रवास करतात. कुठे ते प्रेमगीत आहे, कुठे लढ्याचे गीत, बोस्नियात त्याच चालीवर धार्मिक गीतही आहे. सर्बियात हे बोस्नियाचे रूप ऐकवताच बैठकीतली माणसे संतापून उठतात. खुद्द त्यांच्या बल्गेरियात हे गाणे तुर्की असावे असे म्हणताच त्यांना धमकी मिळते. ज्या गाण्यात एक बाई कारकुनाला मिठाई देते, त्या गाण्यासाठी माणसे एकमेकांच्या जिवावर उठतात. गाणे माझे आहे म्हणणे हे प्रेम आहे. गाणे तुझे असूच शकत नाही म्हणणे हे मात्र वेगळेच काही आहे, आणि त्याला प्रेम म्हणता येत नाही.

या भांडणाला उत्तर एका कवीने फार आधी देऊन ठेवले आहे. काझी नजरुल इस्लाम (१८९९-१९७६) पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस बंगाली पलटणीत होते, कराचीच्या छावणीत राहिले होते. तुर्कस्तानचे त्यांना वेड होते. 'कमाल पाशा' ही त्यांची कविता प्रसिद्धच आहे. कातिबाची चाल त्यांनी बंगालीत आणली ती दोनदा. एकदा वाळलेल्या पानांचे पैंजण घालून नाचणाऱ्या वाऱ्यावादळाचे गीत म्हणून, आणि दुसऱ्यांदा रसूलल्लाह (स.) यांच्या जन्माच्या आनंदाची नात म्हणून. ही नात बंगाली मुसलमान आजही मिलादच्या मजलिशीत गातात. गाणाऱ्यांतल्या फार थोड्यांना माहीत असेल की या चालीत कधीकाळी एका कारकुनाचा कोट भिजला होता.

आपल्याकडे सिनेमाच्या चालीवर नात म्हणावी की नाही यावर दरवर्षी वाद होतात. ज्यांना ते खटकते त्यांचे म्हणणे आम्ही उडवून लावत नाही. नात ऐकताना सिनेमातला नाच डोळ्यांपुढे येत असेल तर अदब राहिली नाही हे उघडच आहे. पण नजरुल यांचे उदाहरण सांगते की दोष चालीत नसतो. चाल हे भांडे आहे. ते घासून पुसून घेण्याचे आणि त्यात आपल्या घरचे शिजवण्याचे कष्ट कवीने घेतले तर कुणाला जुन्या मालकाची आठवण येत नाही. नजरुल यांनी ते कष्ट घेतले. त्यांचे शब्द बंगाली मातीतले आहेत, आणि म्हणूनच ती चाल बंगाली झाली. अर्था किटने भांडे उचलले आणि ते परदेशी आहे हेच श्रोत्यांना दाखवत राहिली. या दोघांमधला फरक इतका सोपा आहे.

महाराष्ट्रात ही कसोटी लावायची तर शाहीर अमर शेख यांच्याकडे पाहावे. बार्शीत १९१६ साली जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल गाडीवर क्लीनर होते, गिरणीत कामगार होते. लोकगीतांचा वारसा त्यांना आई मुनेरबी यांच्याकडून मिळाला. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने मैदाने भरून टाकली. १९६९ साली अपघाताने तो आवाज थांबला. त्याच्याही आधी, पेशवाईच्या अखेरच्या काळात, जेजुरीचे शिकलगार सगनभाऊ लावण्या रचत होते. पोवाडा मुसलमानाचा की लावणी मुसलमानाची, असे त्या मैदानांत कुणी विचारले नाही. त्यांनी घेतलेले भांडे त्यांचेच होते, कारण त्यात शिजत होते ते त्यांच्या स्वतःच्या पोटातले.

मात्र एका गोष्टीकडे या सगळ्या कथेत कुणाचे लक्ष जात नाही. कातिबाचे गाणे एका बाईच्या तोंडचे आहे. ते पहिल्यांदा कुणी रचले, कोणत्या गल्लीत, कोणते काम करता करता, याची नोंद कुठेच नाही. त्या गाण्यावर अर्था किटचे नाव झाले, मालिकेसारखे अनेक देशांत ते पुढे पुढे गेले, पण रचणारी बाई निनावी राहिली. आपल्या घरांतही अशा बाया होत्या. मांझा, सांचक, मेहंदी, चौथी या प्रत्येक दिवसाची ढोलकवरची दखनी गाणी होती. त्यांत नवरदेवाच्या शेरवानीची थट्टा होती, समधनीची फिरकी होती, सासरी जाणाऱ्या मुलीच्या पोटातला गोळा होता. जात्यावर बसून मराठी ओव्या म्हणणाऱ्या मुसलमान बायाही मराठवाड्याच्या खेड्यांत होत्या. एकाच बाईच्या ओठांवर सकाळी ओवी आणि रात्री दखनी गीत असे. तिला कुणी विचारले नाही की तुझी भाषा कोणती. आता लग्नात डीजे लागतो आणि ढोलक माळ्यावर असते.

आमच्या वाङ्मयचर्चेत मुस्लिम मराठी साहित्य म्हणजे काय, यावर पुष्कळ खल होतो. सूफी संतकवींपासून आजच्या कथाकारांपर्यंत पुरावे मांडले जातात, आणि ते मांडलेच पाहिजेत. पण हे सारे पुरावे लिहिलेले आहेत. न लिहिलेला पुरावा आपल्या आज्या-पणज्यांच्या गळ्यात होता, आणि ज्यांच्या गळ्यात तो अजून आहे त्या आता ऐंशीच्या घरात आहेत. कुणा गायिकेची कारकीर्द उभी राहावी म्हणून ही गाणी टिपायची नाहीत. उद्या कुणी 'हे गाणे कुणाचे' असे दरडावून विचारले तर वादात न पडता ते गाऊन दाखवता यावे, एवढ्यासाठी टिपायची. प्रत्येकाच्या खिशात आता आवाज टिपणारे यंत्र आहे. नानीजवळ बसावे, तिला गायला सांगावे, आणि त्या गाण्याखाली तिचे नाव लिहून ठेवावे. उस्कुदारच्या त्या बाईचे नाव लिहायचे राहून गेले.